यंत्राने ठरवलेला पाठ



महाराष्ट्रातल्या विद्याव्यवहाराने गेल्या सव्वाशे वर्षांत पुराव्याबद्दल दोन शिस्ती अंगी बाणवल्या. पहिली इतिहाससंशोधक राजवाड्यांची. १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. राजवाडे मतांचे कच्चे नव्हते. प्रस्तावनांतून त्यांनी आपले निष्कर्ष ठासून मांडले. पण ते मांडताना अस्सल कागद वाचकाच्या हाती ठेवले. प्रस्तावना पटली नाही तर कागद वाचा आणि खोडून काढा, अशी ती व्यवस्था होती. दुसरी शिस्त भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची. १९१९मध्ये सुरू झालेले आणि १९६६मध्ये पुरे झालेले हे काम विष्णु सीताराम सुकथनकरांनी ज्या पद्धतीवर उभे केले, ती पद्धत १९३३च्या आदिपर्वाच्या खंडात पाहायला मिळते. वर संपादकाने स्वीकारलेली संहिता, खाली त्या श्लोकाचे वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. जिथे संपादकाला स्वतःच्या निवडीची पुरती खात्री नव्हती, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ. दोन्ही शिस्तींचा गाभा एकच आहे : निष्कर्ष द्यायचा, आणि तो नाकारायला लागणारी सामग्रीही त्याच्यासोबत द्यायची.

आज मूळ सामग्री आणि छापलेला निष्कर्ष यांच्यामध्ये आणखी काहीतरी येऊन बसले आहे. नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरल्या जातात, सरासऱ्या एखादे पॅकेज काढते, जुने छापील पान ओळखून त्याचा मजकूर एक प्रणाली तयार करते, संदर्भसूची दुसरे सॉफ्टवेअर लावते. प्रबंधात मात्र या सगळ्याची नोंद बहुधा एका ओळीत आटोपते : ‘विश्लेषण अमुक सॉफ्टवेअरने केले.’ माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सॉफ्टवेअर संशोधकाच्या वतीने निर्णय घेते. कोणती नोंद धरायची, कोणती वगळायची, कशाला शब्द म्हणायचे, अनिश्चित जागी काय गृहीत धरायचे, हे ते ठरवते. सुकथनकरांनी हेच निर्णय घेतले तेव्हा ते पानाच्या खाली छापले. म्हणून यंत्राने घेतलेले निर्णयही तितक्याच काटेकोरपणे वाचकापुढे आले पाहिजेत. जो निर्णय पाहताच येत नाही त्याच्यावर उभा असलेला निष्कर्ष कितीही दशांशचिन्हांनी सजवला तरी सांगोवांगीच राहतो.

हे म्हणणे अतिरेकी वाटू नये म्हणून आधी पुरावा पाहू. सुरुवात अगदी साध्या, प्रत्येकाच्या संगणकावर असणाऱ्या एक्सेलपासून करू. मानवी जनुकांना संक्षिप्त नावे असतात. त्यांत काही ‘सेप्ट’ने सुरू होणारी, काही ‘मार्च’ने सुरू होणारी. ‘मार्च१’ असे नाव रकान्यात भरले की एक्सेल ते तारीख समजून १ मार्च करून टाकते. संशोधकाने काही चुकीचे केलेले नसते. केवळ फाइल उघडून जतन केलेली असते. २००४मध्येच या घोटाळ्याकडे शास्त्रीय नियतकालिकात लक्ष वेधले गेले होते. तरीही २०१६मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेले हजारो शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा बिघडलेल्या नोंदी सापडल्या. बारा वर्षे माहीत असलेली चूक, परीक्षकांच्या नजरेखालून गेलेली. शेवटी २०२०मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले. आपोआप होणारा बदल थांबवण्याची सोय एक्सेलमध्ये त्यानंतर, २०२३मध्ये आली. म्हणजे कार्यालयीन हिशेबासाठी बनवलेल्या अवजाराची सवय मोडवेना, म्हणून एका विज्ञानशाखेने आपली परिभाषा बदलली. निर्णय कोण घेत होते, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

दुसरे उदाहरण अर्थशास्त्रातले, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१०मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की विकास खुंटतो, अशी त्याची ख्याती झाली आणि युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कमी करा म्हणणाऱ्यांच्या हाती तो आयता सापडला. २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह, मूळ स्प्रेडशीट तपासली. सरासरीच्या सूत्रात २०पैकी ५ देश यायचेच राहिले होते. दुरुस्तीनंतर अतिकर्जी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. ही गोष्ट ‘एक्सेलची चूक’ म्हणून सांगितली जाते, पण ते अर्धेच खरे आहे. सूत्रातल्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा फरक पडला तो काही देशांची काही वर्षे वगळल्यामुळे आणि भारांकन ज्या पद्धतीने केले त्यामुळे : ब्रिटनची १९ वर्षे आणि न्यूझीलंडचे एकच वाईट वर्ष यांना सरासरीत सारखेच वजन मिळाले होते. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, भारांकनाचे मात्र समर्थन केले. आणि तसे समर्थन करण्याचा त्यांना अधिकार होता. मुद्दा असा, की तो वाद तीन वर्षे होऊच शकला नाही, कारण वादाचा विषय असलेली निवड निबंध वाचून कोणाच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती. ती स्प्रेडशीटमध्ये होती. लेखकांनी ती मागणाऱ्याला दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ती दिली नसती तर चूकही राहिली असती आणि वादही.

विज्ञानात हे अधिक खोलवर जाते. प्रथिनांची रचना शोधणारे जेफ्री चँग यांच्या गटाला २००६मध्ये पाच निबंध मागे घ्यावे लागले. प्रयोगशाळेत वापरात असलेल्या एका घरगुती प्रोग्रॅमने विदेचे, म्हणजे डेटाचे, दोन रकाने अदलाबदल केले होते आणि त्यामुळे रेणूची आकृती आरशातल्यासारखी उलटी झाली होती. हे त्या प्रोग्रॅमच्या तपासणीतून उघड झाले नाही. स्वित्झर्लंडमधील दुसऱ्या गटाने जवळच्या एका प्रथिनाची वेगळी रचना प्रसिद्ध केली, तेव्हा शंका आली. २०१९मध्ये हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की रेणूंच्या वर्णपटाची गणिते करणारा, अनेकांनी वापरलेला एक पायथन प्रोग्रॅम वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर वेगवेगळी उत्तरे देतो. कारण क्षुल्लक होते. फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या जातील हे प्रोग्रॅममध्ये सांगितलेले नव्हते. प्रत्येक प्रणाली आपापल्या क्रमाने त्या पुढे करत होती. त्याच्या आधी, २०१६मध्ये, आंडर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रणाचे विश्लेषण करणारी प्रचलित पॅकेजेस तपासली. ज्यात काहीच सापडायला नको अशी, विश्रांतीत असलेल्या निरोगी माणसांची विदा त्यांनी वापरली. पाच टक्क्यांपर्यंत चूक अपेक्षित होती. काही पद्धतींत ती ७० टक्क्यांपर्यंत गेली. त्यांतल्या एका पॅकेजमध्ये तर एक दोष १५ वर्षे मुक्काम करून होता. या तीन उदाहरणांपैकी पहिल्यात चूक प्रोग्रॅमची, दुसऱ्यात प्रोग्रॅम आणि संगणक यांच्यातल्या न लिहिलेल्या कराराची, तिसऱ्यात मुख्यतः संख्याशास्त्रीय गृहीतकाची. तिन्हींत समान काय? छापलेला निबंध कितीही बारकाईने वाचला तरी यांतले काहीही दिसले नसते.

मानव्यविद्यांचे अभ्यासक इथे सुटकेचा निःश्वास टाकतील, तर तो घाईचा ठरेल. मराठी मजकुरावर संगणकाने काम करू लागताच आपण याच प्रश्नात गळ्यापर्यंत बुडतो. समजा, एखाद्याला वृत्तपत्रांच्या संग्रहातून ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द कोणत्या दशकात किती वेळा आला हे मोजायचे आहे. या शब्दातले ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येते : एका तऱ्हेत नेहमीचा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, दुसऱ्या तऱ्हेत या कामासाठी वेगळा ठेवलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. साधा शोध मात्र ज्या तऱ्हेने शब्द टंकला त्याच तऱ्हेचे शब्द शोधून काढतो, उरलेले नाहीतच असे सांगतो. त्याआधीचा, युनिकोडपूर्व फाँटांत साठवलेला मजकूर तर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांची विस्कळीत रांग असते. तो शोधाला लागतच नाही. मग एखाद्या दशकात शेतकऱ्यांचा उल्लेख वाढला असे आलेखावर दिसले, तर वाढला तो उल्लेख की बदलली ती टंकलेखनाची पद्धत?

याच्याही पुढची गंमत ऐका. मजकुराच्या विश्लेषणासाठी जगभर वापरले जाणारे सायकिट-लर्न हे पायथनमधले संकलन घ्या. शब्द मोजण्याचे त्याचे जे अंगभूत, न बदललेले मापदंड आहेत, त्यांत काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे धरली जात नाहीत. तिथे शब्द तुटतो. शिवाय एकाक्षरी तुकडे गाळले जातात. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचा उरतो ‘मर’ आणि ‘शेतकरी’चा ‘तकर’. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, थांबत नाही. तो नीटनेटका तक्ता देतो. एक ओळ बदलून हा दोष दूर करता येतो आणि जाणकार ती बदलतात. पण ती बदलली होती की नाही, हे प्रबंधाच्या वाचकाला कळण्याचा मार्ग कोणता? ‘विश्लेषण पायथनने केले’ या वाक्यात दोन्ही शक्यता सारख्याच मावतात.

मोडीच्या बाबतीत हा प्रश्न थेट संपादनाचा होतो. मोडीत शब्द सुटे करण्याची चाल नाही, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. म्हणून मोडी कागदाचे बाळबोधीकरण करणारा माणूस नक्कल उतरवत नसतो. तो शब्द कुठे तोडायचा, नाव कोणते वाचायचे, तारखेचा आकडा काय समजायचा याचे निर्णय पावलोपावली घेत असतो. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघाले, ते अशा निर्णयांच्या बळावरच. आता हेच काम हस्ताक्षर ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींकडून करून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. अभिलेखागारांतल्या कागदांच्या मानाने मोडी वाचणारी माणसे फार थोडी आहेत. प्रश्न इतकाच, की अनिश्चित जागी ही प्रणाली काय करते? आतल्या आत तिच्याकडे प्रत्येक अक्षरासाठी अनेक पर्याय आणि त्यांच्या संभाव्यता असतात. बाहेर मात्र ती सर्वाधिक संभाव्य पर्याय तेवढा देते, स्वच्छ देवनागरीत. जिथे तिची खात्री नव्वद टक्के आहे आणि जिथे चाळीस टक्के, ते दोन्ही शब्द सारख्याच ठसठशीतपणे छापले जातात. सुकथनकरांची नागमोडी रेघ यंत्राच्या पोटात तयार असते. ती बाहेर आणायची की नाही हे प्रणाली बांधणाऱ्याने ठरवायचे आणि अभ्यासकाने मागायचे असते. आज आपण ती मागत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की संशोधक पूर्वापार न समजलेली उपकरणे वापरत आला आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या प्रत्येकाला भिंगाचे गणित येत नव्हते. लॉगॅरिथमचे कोष्टक वापरणाऱ्याने ते स्वतः काढलेले नव्हते. मग सॉफ्टवेअरलाच वेगळा न्याय का? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. त्या उपकरणांवर विश्वास बसला तो आंधळेपणाने नव्हे. भिंग माहीत असलेल्या वस्तूवर रोखून पाहता येत होते, कोष्टकातला कोणताही आकडा कोणीही पुन्हा काढू शकत होता. प्रत्येकाने तपासले नाही, पण तपासणे शक्य होते आणि काही जण ते करत होते. सॉफ्टवेअरकडूनही एवढीच अपेक्षा आहे. गुरुत्वीय लहरींच्या शोधात ही अपेक्षा कशी पुरी केली गेली ते पाहा. गोंगाटात दडलेला क्षीण संकेत अपेक्षित नमुन्यांशी ताडून वेचून काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले. लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांच्या चमूंनी २०१०मध्ये आपल्याच यंत्रणेची परीक्षा घेतली : मोजक्या माणसांनी एक खोटा संकेत विदेत गुपचूप मिसळला. बाकीच्यांनी तो शोधला, निबंधाचा मसुदा तयार केला, आणि मग २०११मध्ये लिफाफा उघडला गेला. १४ सप्टेंबर २०१५ला खरा संकेत आला, त्या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार या लोकांनी कमावलेला होता. घोषणेबरोबर त्यांनी त्या संकेताची विदा आणि ती हाताळण्याची पायथनमधली टिपणे सर्वांसाठी खुली केली. महाविद्यालयीन विद्यार्थीही ती चालवून तो संकेत स्वतः पाहू शकतो.

एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे २०१९मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र हेही असेच. जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी त्याच्या दोन वर्षे आधी टिपलेल्या विदेत पुष्कळ मोकळ्या जागा होत्या. त्या भरून चित्र बनवणे हे संगणकाचे काम, आणि त्यात हवे तेच दिसण्याचा धोका उघड होता. म्हणून चार गट केले गेले. त्यांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे, भिन्न पद्धतींनी चित्रे बनवली आणि नंतरच ती शेजारी ठेवली. चौघांनाही तेच कडे दिसले. नंतर ज्यात कडे नाही अशी कृत्रिम विदा देऊन, आपल्या पद्धती नसलेले कडे दाखवत नाहीत ना, हेही पाहिले गेले. अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवण्याची जी शिस्त भांडारकर संस्थेत रुजली, तिचे मर्मही हेच आहे : एका साक्षीदारावर विसंबायचे नाही, आणि साक्षीदार एकमेकांचे ऐकून बोलत नाहीत ना, हे पाहायचे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. संशोधक प्रोग्रॅमर नसतो. त्याने लिहिलेले प्रोग्रॅम ओबडधोबड असतात. ते उघडे केले तर जाणकार हसतील आणि विरोधक त्याचा गैरफायदा घेतील. हे घडले आहे. कोविडच्या काळात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील नील फर्ग्युसन यांच्या गटाच्या प्रतिमानाने मार्च २०२०मध्ये ब्रिटिश सरकारच्या धोरणावर प्रभाव टाकला. त्याचा प्रोग्रॅम अनेक वर्षांचा, टिपा नसलेला होता. साफसफाई करून तो खुला केल्यावर त्याच्यावर टीकेची झोड उठली. पण पुढे काय झाले? केंब्रिजचे स्टीफन एग्लेन यांनी तो चालवून पाहिला आणि मूळ अहवालातले निष्कर्ष पुन्हा मिळतात अशी ग्वाही दिली. प्रतिमानाची गृहीतके योग्य होती का, हा वाद वेगळा आणि तो चालूच राहील. पण आकडे कुठून आले हा संशय मिटला, आणि तो उघडेपणामुळेच मिटला. ओबडधोबड प्रोग्रॅम म्हणजे चुकीचा प्रोग्रॅम नव्हे. झाकलेल्या प्रोग्रॅमबद्दल मात्र तो कसा आहे हेच सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मेंदूच्या चित्रणाची जी पॅकेजेस सदोष निघाली, त्यांचा प्रोग्रॅम खुलाच होता. जो वाचायला कोणालाही मोकळीक होती तो १५ वर्षे कोणी वाचला नाही. मग खुलेपणाने काय साधले? याचे प्रामाणिक उत्तर असे, की खुलेपणा तपासणीची हमी देत नाही, शक्यता देतो. ती शक्यता वास्तवात उतरवायला माणसे लागतात, त्यांना वेळ लागतो आणि पगार लागतो. दोष सापडला तो शेवटी याच शक्यतेमुळे. पण इथे माझ्या म्हणण्याला एक दुरुस्ती घालावी लागते. ‘मोफत आणि खुली साधने वापरा’ एवढा उपदेश अपुरा आहे. अशा साधनांची देखभाल करणाऱ्यांना विद्यापीठांत स्थान नसेल, तर खुलेपणा कागदावर राहतो. ब्रिटनमध्ये २०१०मध्ये संशोधनासाठीच्या सॉफ्टवेअरच्या निगराणीकरता एक संस्था स्थापन झाली, आणि २०१२च्या सुमारास ‘संशोधन सॉफ्टवेअर अभियंता’ या नव्या पेशाची मागणी तिथूनच पुढे आली. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने महागड्या पॅकेजेसऐवजी सायलॅब, पायथन यांसारखी खुली साधने महाविद्यालयांत नेण्याचे आणि त्यांचे शिक्षण मराठीसह भारतीय भाषांत देण्याचे काम केले आहे. असे काम करणाऱ्याच्या बढतीच्या अर्जात त्याला शोधनिबंधाइतके वजन मिळते का, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे.

खुलेपणा आणि फुकटपणा यांची गल्लतही टाळली पाहिजे. संदर्भ सांभाळणाऱ्या दोन साधनांचा इतिहास इथे बोलका आहे. मेंडेली फुकट मिळत होते. २०१३मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले आणि २०१८मध्ये वापरणाऱ्याच्याच संगणकावरची त्याची नोंदवही कूटबद्ध होऊ लागली. कंपनीने सुरक्षेचे कारण दिले, आणि ठराविक स्वरूपात यादी बाहेर काढण्याची सोयही ठेवली. तरी स्वतःच्या नोंदी दुसऱ्या साधनात आहेत तशा नेणे अवघड झाले. झोटेरो हेही फुकटच, पण २००६मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांनी सुरू केलेले आणि आतून खुले. दोन्हींची किंमत सारखीच, शून्य. फरक पडला तो मालकी कोणाकडे आणि दार कोणाच्या हाती यामुळे. खुल्या साधनांतही बदल होतातच. आर या संख्याशास्त्रीय भाषेत २०१९मध्ये यादृच्छिक नमुना काढण्याची रीत बदलली. तोच प्रोग्रॅम, तेच बीज दिले तरी नमुना वेगळा येऊ लागला. मात्र हा बदल जाहीर केलेला होता, त्याचे कारण दिलेले होते आणि जुनी रीत हवी असल्यास तिची सोय ठेवली होती. बदल होणे हा दोष नाही. बदल नोंदवला न जाणे हा दोष आहे.

या कसोटीवर अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लावून पाहा. भाषा-प्रतिमानाला विचारलेला तोच प्रश्न उद्या वेगळे उत्तर देऊ शकतो, आणि कंपनीने प्रतिमान बदलले तर आजचे प्रतिमान उद्या उपलब्धही नसेल. शास्त्रीय वाङ्मयावर घडवलेले मेटा कंपनीचे गॅलॅक्टिका नोव्हेंबर २०२२मध्ये लोकांपुढे आले आणि तीन दिवसांत मागे घ्यावे लागले, कारण अस्तित्वात नसलेल्या गोष्टी ते विद्वत्तापूर्ण शैलीत सांगत होते. नंतरची प्रतिमाने पुष्कळ सुधारली आहेत, पण प्रश्न एकट्या अचूकतेचा नाही. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणारे अल्फाफोल्ड घ्या. त्याच्या कर्त्यांना २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; त्याच्या अचूकतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरी त्याची तिसरी आवृत्ती मे २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये प्रोग्रॅमशिवाय छापली गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून निषेध केला आणि नोव्हेंबरात तो विद्यापीठीय वापरासाठी द्यावा लागला. त्या शास्त्रज्ञांचे म्हणणे साधन चुकीचे आहे असे नव्हते. जे तपासता येत नाही ते छापू नका असे होते. म्हणून माझ्या मते इथे एक सीमारेषा आखता येते. वाट दाखवण्यासाठी, म्हणजे कोणते कागद पाहावेत, कोणता ग्रंथ चाळावा यासाठी, अशी साधने निःसंकोच वापरावीत. कारण तिथे शेवटची साक्ष कागदच देतो. साक्षीदार म्हणून मात्र त्यांना उभे करायचे असेल, उदाहरणार्थ हजार पत्रांचे वर्गीकरण त्यांच्याकडून करून घ्यायचे असेल, तर प्रतिमान कोणते, आवृत्ती कोणती, सूचना काय दिली, आणि माणसाने स्वतः वर्गीकरण केलेल्या नमुन्याशी त्याचा मेळ किती बसला, हे सगळे पानाच्या खाली आले पाहिजे.

यावर शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा येतो. आधीच संशोधकाला अर्ज, अहवाल आणि गुणांकन यांतून उसंत नाही, त्यात हे ओझे कशाला? पण आपली व्यवस्था सॉफ्टवेअरवर खर्च करतच नाही असे नाही. ती चुकीच्या ठिकाणी करते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर तो दंडाला पात्र ठरत नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. ही टक्केवारी सॉफ्टवेअर काढते. ते कोणत्या संग्रहाशी ताडून पाहते, मराठी मजकुराचे तुकडे कसे पाडते, हे विद्यार्थी जाणत नाही आणि मार्गदर्शकही सहसा विचारत नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाचा निवाडा आपण न पाहिलेल्या यंत्रावर सोपवतो, आणि त्याने केलेली मोजणी मात्र न पाहता स्वीकारतो. दुसरीकडे, परदेशी नियतकालिके सर्व सरकारी संस्थांना वाचता यावीत म्हणून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. इतरांचे संशोधन वाचण्यासाठी हा खर्च समर्थनीय आहे. त्याचा अल्पसा अंश आपल्या भाषांच्या लेखनपद्धती नीट हाताळणारी, मोडीची अनिश्चितता दाखवणारी, शब्द कुठे तोडायचा हे जाणणारी साधने घडवायला आणि सांभाळायला दिला, तर ते संशोधन वाचण्याबरोबर तपासताही येईल. बाहेरच्या कोणाला ‘मराठी’चे ‘मर’ होते याचे दुःख असण्याचे कारण नाही. ते काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर प्रबंध चढवण्याची सक्ती आपण आणली आणि ती पचली. त्याच प्रबंधाबरोबर त्याची विदा, प्रोग्रॅम आणि साधनांच्या आवृत्त्या जोडण्याची सक्ती आणता येईल. खासगी माहिती, रुग्णांच्या नोंदी, मुलाखती देणाऱ्यांची ओळख यांना अर्थातच त्यातून वगळावे. पण वगळले काय आणि का, हे लिहावे. सॉफ्टवेअर घडवणाऱ्याचे आणि सांभाळणाऱ्याचे काम संपादनाच्या कामाइतके विद्वत्तेचे मानले जावे. कोणताही नवा नियम येण्याची वाट न पाहता उद्यापासून करता येईल अशीही एक गोष्ट आहे. मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकाने एक प्रश्न विचारावा : तुमच्या चौथ्या प्रकरणातला हा तक्ता आत्ता, आमच्यासमोर, मूळ नोंदींपासून पुन्हा काढून दाखवता का? पहिल्या वर्षी अनेकांना ते जमणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष कमी, आपला अधिक असेल. पण प्रश्न विचारला जाणार हे माहीत असलेला पुढच्या वर्षीचा विद्यार्थी आपल्या नोंदी वेगळ्या रीतीने ठेवेल, प्रत्येक निवडीचे कारण लिहून ठेवेल, आणि यंत्राने दिलेले उत्तर स्वीकारण्याआधी ते कसे आले हे विचारेल. पदवी द्यायची ती त्या विचारण्याला.